कोरड्या पायानं नाही

उंबरपाडा, खोडाळ्याजवळ
१४ जून २०२४

ती. सुमनबाईंना,
कविताचा नमस्कार.

तुमच्या हाताखाली पहिली ते सातवी शिकलेली कविता. पत्र लिहितेय, कारण फोन करून बघितला. आमच्याकडे नेटवर्क फक्त वरच्या खडकावर. मी तिथं उभी राहून ‘कविता, कविता’ ओरडत होते आणि तुम्ही डोंबिवलीतून ‘कोण? कोण?’ विचारत होतात. शेवटी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिलात. खाली चरणाऱ्या शेळ्या पांगल्या त्या वेगळ्याच. तुमच्या कानांचं एवढं झालंय हे मला ठाऊक नव्हतं.

बातमी अशी, की मी आता वाटाडी झाले आहे. जव्हारला पाच दिवसांचं शिक्षण घेतलं, गळ्यात ओळखपत्रही आलं. ठाण्याचे दिपेशदादा शहरातल्या लोकांना डोंगर फिरवतात. ते १४ जुलैला नऊ माणसं घेऊन येणार. खोडाळ्याच्या एसटी थांब्यावरून निघायचं, वरच्या पाड्यातून लक्ष्या आजाच्या भातखाचरांवर उतरायचं, खाली काळी मावशीकडे जेवायचं. नागलीची भाकर, उडदाची आमटी, एक रानभाजी. हे बरं जमलं तर दर रविवारी माणसं येतील, असं दादा म्हणाले.

बाई, जमलंच पाहिजे. दरवर्षी दिवाळी झाली की मी, नवरा मंगेश आणि लेक वर्षा भिवंडीला कामावर जातो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. वर्षा आता दुसरीत. तिची अर्धी शाळा तिथंच बुडते. यंदा मुकादमाची गाडी न्यायला येईल तेव्हा आम्ही तिघं घरीच असावं, एवढंच मला हवंय.

एक अडचण आहे. लक्ष्या आजा माझ्या बापाचा काका, पाड्यात सगळ्यांत मोठा. तो म्हणतो, “येऊंदे पावने. पन आवणीचे दिवसात बांधावरशी कोणी सुके पायानं जायचा नाय.” आमच्यात तसंच आहे. लावणी चालू असताना बांधावर आला तो कोणी असो, खाली उतरायचं, एक मूठ रोपं लावायची, मगच पुढं जायचं. आता नवेकोरे बूट घालून आलेल्या माणसांना मी चिखलात उतरा असं कसं सांगू?

शिवाय मला बोलता येत नाही. तुम्ही एक छान भाषण लिहून पाठवा.

तुमची,
कविता

डोंबिवली
२२ जून २०२४

चि. कविता,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी एवढ्या मोठ्यानं हसले की मुलगा सौरभ खोलीतून धावत आला. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणताना जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नव्हता, ती आता नऊ माणसांना डोंगर दाखवणार! पत्र लिहिलंस ते उत्तम केलंस. माझ्या कानात यंत्र आहे, पण ते नको तेव्हा शिट्टी वाजवतं आणि हवं तेव्हा झोपतं. तुझ्या पत्रातल्या अकरा चुका लाल पेनानं दुरुस्त करून ते परत पाठवते आहे.

भाषण सोबत जोडलं आहे, पाठ कर. घाटावर पोचलात की ‘समोर निसर्गदेवतेने अंथरलेला हा हिरवा गालिचा पाहा’ इथून सुरुवात करायची. आणि माणसं हरवू नयेत म्हणून दर थोड्या वेळानं हजेरी घे. आपण सहलीला घ्यायचो तशी, आकडे मोठ्यानं म्हणायला लावून.

चिखलाचं मात्र माझं ऐक. पाहुण्यांना खाचरात उतरवू नकोस. कोणाचे बूट खराब होतील, कोणी घसरेल, आणि पहिल्याच फेरीत तुझं नाव जाईल. डोंगराच्या वरच्या धारेनं वळसा घालून त्यांना थेट काळी मावशीकडे ने. धुक्यात आजाला काय दिसणार आहे? त्यांचं वय झालं. जुन्या गोष्टी सगळ्याच पाळायच्या म्हटलं तर नवीन काही उभं राहत नाही.

मलाही यावंसं वाटतं गं. पण गुडघे एक मजला उतरतानाही कुरकुरतात आणि सौरभ जिना उतरू देत नाही. तेव्हा मी इथूनच उंटावरून शेळ्या हाकते.

तुझी,
सुमनबाई

उंबरपाडा
१६ जुलै २०२४

ती. बाई,
नमस्कार.

फेरी झाली. कशी झाली ते नीट बसून वाचा.

सकाळपासून धुकं असं, की पुढच्या माणसाची पिशवी दिसत होती, माणूस दिसत नव्हता. घाटावर पोचलो. मी ओळखपत्र सरळ केलं, घसा साफ केला आणि म्हणाले, “समोर निसर्गदेवतेने अंथरलेला हा हिरवा गालिचा पाहा.” सगळ्यांनी पाहिलं. समोर पांढरं, खाली पांढरं, डोक्यावर पांढरं. एक ताई हळूच म्हणाल्या, “कुठे?” दिपेशदादा म्हणाले, “गालिचा धुवायला टाकलाय वाटतं.” बाई, मला पुढचं भाषण आठवेना. मग मी आपलं माझ्याच बोलीत सांगायला लागले. इथं खाली अकरा खाचरं आहेत, सगळ्यांत वरचं आजाच्या आजानं खणलंय, तिसऱ्याच्या बांधाला खेकडे भोकं पाडतात, त्यामुळे पाणी रात्रीत गुपचूप शेजाऱ्याकडे जातं आणि सकाळी भांडण. न दिसणाऱ्या खाचरांकडे बोट दाखवून मी अर्धा तास बोलले. लोक हसले, प्रश्न विचारले. एवढं बरं झालं.

पुढं तुम्ही सांगितलं तसंच केलं. खाचरांकडे न उतरता वरच्या धारेनं नेलं. वाट निसरडी होती, दोघं बसून घसरले. धुक्यात कोणी मागं राहू नये म्हणून मी सारखी हजेरी घेत होते. “एक! दोन! तीन!” नऊपर्यंत. डोंगरात आवाज कसा जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. खाली खाचरात आजा, चंद्रकला, सोमी, अख्खा पाडा आवणी करत होता. आमच्यातलं कोणी त्यांना दिसलं नाही. पण नऊच्या नऊ माणसं डोक्यावरून कोरडी चाललीत, हे त्यांनी मोजून ऐकलं. माझ्याच हजेरीनं मला पकडून दिलं.

संध्याकाळी आजा दारात आला. ओरडला असता तर बरं होतं. हळू आवाजात म्हणाला, “पावने आले न् सुके गेले. आमचा भात त्यांना चावणार व्हता काय?” सकाळी बघते तर त्यानं बांधाच्या वाटेवर करवंदीच्या काट्या टाकल्यात. काळी मावशी म्हणते, आजा काट्या काढेल तेव्हाच मी पुन्हा चूल पेटवीन. धारेची वाट मी परत नेणार नाही, कोणाचा तरी पाय मोडायचा. पुढची माणसं ४ ऑगस्टला येणार आहेत. वाट नाही, जेवण नाही, मग त्यांना काय ओळखपत्र दाखवू?

ही अक्कल कोणी दिली, असं आजानं विचारलं. मी तुमचं नाव घेतलं नाही. तो म्हणाला, मागं एकदा एक बाई अशीच सुकी गेली होती, त्यानंतर आजपर्यंत कोणी नाही. दवाखान्यातली सिस्टर असेल कोणी. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

काय करू, सांगा.

कविता

डोंबिवली
२१ जुलै २०२४

चि. कविता,

ती सिस्टर नव्हती. मी होते.

१९९९ सालचा जुलै. शाळेत घालण्याच्या वयाच्या मुलींची नावं लिहायला मी तुमच्या पाड्यावर आले होते. जव्हारहून पहिल्या एसटीनं निघाले, अंगावर माझ्या यजमानांनी घेतलेली नवी सुती साडी. बांधावर लक्ष्याबाबांनी हसत हसत रोपांची मूठ पुढं केली. मी साडी सावरली आणि म्हणाले, “मला वेळ नाही.” वेळ होता, कविता. परतीची गाडी चारला होती. मला चिखल नको होता, एवढंच. लक्ष्याबाबांनी मूठ खाली घेतली आणि बाजूला सरकून मला वाट दिली. त्या दिवशी एकाही घरानं मुलीचं नाव लिहू दिलं नाही. तुझ्या वडलांनी तर तू शेळ्यांमागे जाणार असं तोंडावर सांगितलं.

आणि महिन्याभरानं लक्ष्याबाबा स्वतः तुला खांद्यावर बसवून शाळेच्या दारात आले. तुला खाली ठेवलं. एक वाक्य बोलले आणि पाणीही न पिता मागे फिरले. ते वाक्य मी कोणाला सांगितलेलं नाही. आजही लिहवत नाही.

पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत आले की उंबरपाड्याची पहिली मुलगी मी शाळेत आणली. आणि परवा तुला सल्ला देताना तीच जुनी चूक मी शहाणपण म्हणून तुझ्या गळ्यात घातली. मला फार लाज वाटते आहे.

सोबत वेगळ्या कागदावर लक्ष्याबाबांसाठी चार ओळी आहेत. त्यांना वाचून दाखव. दोष माझा आहे, तुझा नाही, हे त्यांना कळू दे.

तुझी,
सुमनबाई

उंबरपाडा
२८ जुलै २०२४

ती. बाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मला त्या वयातलं एवढंच आठवतं, की आजाच्या खांद्यावरून सगळं जग ठेंगणं दिसत होतं.

काल बांधावर उभं राहून तुमच्या चार ओळी आजाला वाचून दाखवल्या. तो वाकून रोपं लावत होता, पाठीवर इरलं. वाचून झालं तरी वर बघेना. मला वाटलं, त्यालाही तुमच्यासारखं कमी ऐकू यायला लागलं. मग कंबर सरळ केली आणि म्हणाला, “कागदानं पाय भिजतात काय?”

चंद्रकला आणि सोमी एवढ्या हसल्या की सोमी चिखलात बसली. आजा हसला नाही. म्हणाला, “आवणी सरत आली. खालचे खाचरात एक कोन मोकळा ठेवलाय. बाईला यायचा असेल तं येल. काटं तवाच निघतील.”

बाई, तुमच्या गुडघ्यांचं मी त्याला सांगितलं. तो म्हणतो, गुडघे मलाही आहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला इथं येणं जमणार नाही, मला कळतं. दिपेशदादांना मी अजून काही कळवलेलं नाही. चार तारखेला खोडाळ्याला उभी राहीन आणि खरं काय ते सांगेन.

कविता

डोंबिवली
१ ऑगस्ट २०२४

चि. कविता,

येते. रविवारी. सौरभला सांगितलं आहे की जव्हारला मैत्रिणीच्या नातवाचं बारसं आहे. नात प्रांजल सोबत आहे, ती अर्ध्या पापाची वाटेकरी. माझे जुने कॅनव्हासचे बूट माळ्यावरून काढले आहेत. कोन शिल्लक ठेव म्हणावं.

सुमनबाई

उंबरपाडा
८ ऑगस्ट २०२४

ती. बाई,

तुमचं ‘येते’ पत्र काल पोचलं. तुम्ही येऊन, लावून, जेवून, पोचून तीन दिवस झाल्यावर! पोस्टमन तुका म्हणतो, बाई पत्रापेक्षा चपळ निघाल्या.

रविवारी मी थांब्यावर नऊ माणसांसमोर तोंड कसं उघडावं म्हणून उभी होते. एसटी आली. आधी एक काठी उतरली, मग एक बूट, मग तुम्ही. मला वाटलं धुक्यामुळे भास होतोय. मग तुम्ही म्हणालात, “कविता, हजेरी घे,” आणि मला रडू आलं ते दिपेशदादांना सर्दी वाटली.

सगळी वाट मी तुमच्याकडेच बघत चालले होते. दर दोन वळणांवर दगड बघून तुम्हाला बसवत होते. त्यात तुम्हाला आधीचे आकडे ऐकूच येत नव्हते, त्यामुळे कोणी ‘तीन’ म्हणालं की तुम्ही ‘दहा!’ ओरडायचात. प्रांजल ‘अकरा’ म्हणायची ती हसत हसतच. शेवटी सगळे ‘एक, दहा, दोन, दहा’ असंच म्हणायला लागले. ते आकडे खाली आजानं ऐकले. चंद्रकला सांगते, तो म्हातारा तेव्हाच उठला आणि वाटेवरच्या काट्या हातानं ओढून बाजूला केल्या. तुम्ही पोचायच्या आधीच! लावल्याशिवाय काढणार नाही म्हणणारा तोच.

मग काय झालं ते तुम्ही केलंतच, मी काय सांगू. पण तुम्हाला मागचं दिसलं नसेल. तुम्ही बूट काढून खाली उतरलात तशी ती ठाण्याची नऊ माणसं कोणी न सांगता बूट काढायला लागली. मी एवढी घाबरत होते त्याला! एक काका वर यायलाच तयार नव्हते, अजून एक मूठ द्या म्हणत होते. सोमीनं त्यांची वाकडी ओळ गुपचूप उपटून परत लावली. तुम्ही मात्र खाली बसलात त्या चिखलात, ठरवून की घसरून, ते मी विचारणार नाही.

काळी मावशीनं त्या दिवशी दोन चुली पेटवल्या. दिपेशदादांनी दसऱ्यापर्यंतचे सगळे रविवार लिहून घेतले. पुढं थंडीतही येतो म्हणाले.

गुडघे कसे आहेत? सौरभदादांना कळलं का?

तुमची,
कविता

डोंबिवली
१७ ऑगस्ट २०२४

चि. कविता,

गुडघे रागावले आहेत. सौरभही. बारशाहून आई चिखलानं माखलेली पिशवी घेऊन परत येते, हे त्याच्या पचनी पडेना. प्रांजलनं मोबाईलवरचा फोटो दाखवला. मी चिखलात फतकल मारून बसले आहे आणि लक्ष्याबाबा शेजारी उभे राहून हसताहेत. तो बघून सौरभ म्हणाला, “आई, तू एवढी हसतेस हे मी विसरलो होतो.” आता पुढच्या वर्षी तोच गाडीनं सोडणार आहे. आणि हो, मी घसरले होते. पण उठावंसं वाटलं नाही, हेही खरं. पाय गार चिखलात गेले आणि पंचवीस वर्षं अडकलेलं काहीतरी सुटलं.

एक काम कर. मूठ लावून झाल्यावर लक्ष्याबाबा वाकून माझ्या कानाशी काहीतरी बोलले. यंत्रात पाणी गेलं होतं. मला एक अक्षर कळलं नाही. पण ते इतक्या मायेनं बोलत होते की मी ‘हो, हो’ म्हणून मान हलवत राहिले. कशाला ‘हो’ म्हणाले ते मला माहीत नाही. त्यांना विचारून कळव.

तुझी,
सुमनबाई

उंबरपाडा
१७ नोव्हेंबर २०२४

ती. बाई,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला त्याला कारण आजा. विचारलं की म्हणायचा, “कापणी होऊंदे, मंग सांगतो.” आता कापणी झाली, झोडणी झाली, देवाला नवा भात दाखवून झाला.

आधी माझी बातमी. गेल्या मंगळवारी भिवंडीची गाडी आली. मुकादमानं हाक मारली. मंगेश अंगणात काळी मावशीकडच्या जेवणासाठी पत्रावळी लावत बसला होता, तो तिथूनच म्हणाला, “यंदा नाय.” वर्षा शाळेत होती. गाडी गेली, तिचा आवाज वळणापर्यंत ऐकत राहिले आणि मग मी घरात जाऊन उगाचच भांडी घासली, घासलेलीच. येत्या रविवारी अकरा माणसं येणार आहेत. तुमचं भाषण अजून पाठ आहे. धुकं नसेल त्या दिवशी म्हणते.

सोबत पुरचुंडीत तुमच्या कोनातला तांदूळ आहे. दोन ओंजळी भरला. तुमची ओळ वाकडी होती, पण सोमीला ती उपटू दिली नाही आजानं.

कोन कापायच्या दिवशी मी त्याला पुन्हा गाठलं. तेव्हा त्यानं सांगितलं. शाळेच्या दारात मला खाली ठेवून तो तुम्हाला म्हणाला होता, “बाई, ती मूठ राह्यली. ही तरी लावा.” हेच ना ते वाक्य, जे तुम्हाला लिहवत नव्हतं?

आणि ऑगस्टमध्ये तुमच्या कानाशी तो हे बोलला: “बाई, तुमची मूठ तं कवाच लागली. उगवली पन.”

मी म्हटलं, “आजा, मग काट्या कशाला टाकल्यास? एवढ्या म्हाताऱ्या बाईला डोंबिवलीहून कशाला आणलीस?”

तो विळा बांधावर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. तुमच्यासकट अकरा माणसं पुढं घालून धुक्यातून आले होते मी ऑगस्टमध्ये, तेव्हाही असाच बघत असेल बहुतेक. म्हणाला, “लावली तिनं. मंग तिला पीक दाखवाया नको?”

तुमची,
कविता

ता. क. हे पत्र लाल पेनानं दुरुस्त करू नका. त्यात आजाचं बोलणं आहे, ते तसंच राहू दे.